पटॅप्स्को: कारखाने बुडाले, जंगल उरलं

अमेरिकेत मेरीलँड राज्यात, बाल्टिमोर शहराच्या पश्चिमेला, पटॅप्स्को नावाची एक मध्यम आकाराची नदी आहे. तिच्या काठाकाठाने सुमारे 32 मैल पसरलेलं, 16,000 एकरांचं एक राज्य उद्यान आहे: पटॅप्स्को व्हॅली स्टेट पार्क. कोलंबिया आणि एलिकॉट सिटी भागातल्या मराठी कुटुंबांना हे ठिकाण नवीन नाही. सुट्टीच्या दिवशी डबे घेऊन जायचं, मुलांनी पाण्यात दगड फेकायचे, मोठ्यांनी झाडाखाली पथारी टाकायची. दोन्ही बाजूंना उंच टेकड्या, त्यांवर ओक आणि ट्युलिप पॉपलरची दाट झाडी. कुणालाही वाटावं की इथे माणसाने फारसा हात लावलेला नाही.

प्रत्यक्षात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सुरुवातीच्या कारखानदारीचा हा एक गजबजलेला पट्टा होता. पिठाच्या गिरण्या, लोखंडाच्या भट्ट्या, खिळ्यांचा कारखाना, कापड गिरण्या, देशातल्या पहिल्या रेल्वेमार्गांपैकी एक, आणि शेवटी धरणाच्या पोटात दडवलेलं एक वीजघर, एवढं सगळं या अरुंद दरीत होतं. ते इथेच का आलं आणि गेलं कसं, याचं उत्तर बरंचसं एकाच गोष्टीत आहे: नदीचा उतार. ज्या उताराने कारखान्यांना ताकद दिली, त्यानेच त्यांना वाहून नेलं.

दगड संपतो तिथे शहर वसतं

अमेरिकेच्या पूर्व भागाचा नकाशा घ्या. फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, वॉशिंग्टन, रिचमंड ही शहरं एका तिरप्या रेषेवर येतात, आणि हा योगायोग नाही. या रेषेच्या पश्चिमेला जुना, कठीण खडक आहे. पूर्वेला समुद्रापर्यंत वाळू आणि चिकणमातीचा सखल प्रदेश. कठीण खडक सावकाश झिजतो, मऊ माती भराभर. त्यामुळे पश्चिमेकडून येणारी प्रत्येक नदी या सीमेवर आली की थोड्या अंतरात बरीच खाली उतरते. भूगोलात या सीमेला फॉल लाइन म्हणतात. त्यात जोगसारखा धबधबा डोळ्यासमोर आणू नका. बहुतेक ठिकाणी नुसता खडकाळ, खळाळता उतार असतो.

या रेषेवर दोन गोष्टी जुळून येतात. समुद्राकडून येणारं जहाज इथपर्यंतच येऊ शकतं, पुढे खडक. आणि इथूनच वरच्या अंगाला पाण्याला जोर असतो. म्हणजे माल तयार करण्याची ताकद आणि तो बाहेर पाठवण्याची सोय काही मैलांच्या आत मिळते. पटॅप्स्कोवर खालच्या टोकाला एल्क्रिज लँडिंग हे बंदर होतं. तिथून तंबाखूने भरलेली जहाजं इंग्लंडला जात. वरच्या टोकाला दरी आणि उतार.

ते बंदर आज शोधायला गेलात तर बंदर म्हणावं असं काही दिसणार नाही. तंबाखूसाठी जंगलं तोडली, जमीन उघडी पडली, पावसाने माती नदीत आली आणि गाळाने पात्र इतकं उथळ झालं की जहाजांना येता येईना. पुढे सगळा व्यापार बाल्टिमोरने घेतला. या नदीच्या गोष्टीत गाळ पुन्हा पुन्हा येणार आहे, आणि शेवटी तर तोच मुख्य पात्र होतो.

पाण्याची ताकद मोजायची कशी

वाफेच्या इंजिनाआधी कारखाना चालवायचा म्हणजे माणूस, जनावर, वारा किंवा वाहतं पाणी. त्यात भरवशाचं पाणीच. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे त्यांना मूळ कल्पना सांगायला नको: पाणी पात्यांवर आदळतं, पाती फिरतात, त्यांच्याबरोबर जात्याची तळी फिरते.

हिशेब सोपा आहे. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन. दर सेकंदाला एवढं पाणी एक मीटर खाली पडलं तर त्यातून जास्तीत जास्त 9.8 किलोवॅट, म्हणजे साधारण 13 अश्वशक्ती मिळू शकते. पाणी दुप्पट असलं तर ताकद दुप्पट. उंची दुप्पट असली तरीही ताकद दुप्पट. पाणी किती यावं हे माणसाच्या हातात नसतं, ते पावसावर ठरतं. उंची मात्र जमवता येते.

ती जमवायची युक्ती अशी. नदीत वरच्या बाजूला एक बुटका बंधारा घालायचा. त्यातून काठाने एक पाट काढायचा आणि तो जवळजवळ सपाट ठेवायचा. नदी आपल्या उताराने खाली जात राहते, पाट मात्र टेकडीच्या कडेने वरच राहतो. अर्धा-एक किलोमीटर गेल्यावर पाट आणि नदी यांच्यात चांगलं दोन पुरुष अंतर पडतं. तिथे गिरणी बांधायची, पाटाचं पाणी चाकावर सोडायचं आणि वापरून झालेलं पाणी परत नदीत. म्हणूनच नदीचा उतार जितका जास्त, तितका पाट आखूड आणि खर्च कमी.

चाकातही फरक असतो. पाणी चाकाच्या खालून वाहत गेलं तर फक्त त्याच्या वेगाचा उपयोग होतो. ते वरून चाकाच्या कप्प्यांमध्ये भरलं तर त्याचं वजन कामाला येतं. इंग्लंडच्या जॉन स्मीटनने 1759 मध्ये छोट्या प्रतिकृतींवर मोजून दाखवलं की वरून पाणी घेणारं चाक तेवढ्याच पाण्यातून सुमारे दुप्पट काम करतं. तेव्हापासून ही गोष्ट अंदाजपंचे राहिली नाही. पण वरून पाणी घ्यायचं तर आधी उंची हवी, आणि उंचीसाठी अशीच दरी हवी.

एलिकॉट बंधू

1772 मध्ये पेनसिल्व्हेनियाहून जोसेफ, अँड्र्यू आणि जॉन एलिकॉट हे तीन भाऊ या दरीत आले. धर्माने क्वेकर, म्हणजे एका साध्या, शांततावादी ख्रिस्ती पंथाचे, आणि धंद्याने गिरणीवाले. आजूबाजूला सगळी तंबाखूची शेती होती आणि तंबाखूने जमीन पार खाऊन टाकली होती. एलिकॉटांनी गव्हाची गिरणी घातली. जिथे गहू फारसा पिकत नाही तिथे गिरणी घालणं हा वेडेपणा वाटेल. पण त्यांनी शेतकऱ्यांना गव्हाकडे वळवलं, कसदारपणासाठी जमिनीत जिप्सम घालायला सांगितलं, आणि माल बाल्टिमोरला नेण्यासाठी रस्ते बांधले. आधी गिऱ्हाईक तयार केलं, मग दळण आपोआप आलं. परिसरातले मोठे जमीनदार, पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे चार्ल्स कॅरोल, हेही तंबाखू सोडून गव्हाकडे वळले. पाहता पाहता गिरणीभोवती एलिकॉट्स मिल्स हे गाव उभं राहिलं. तेच आजचं एलिकॉट सिटी.

गावाजवळच ओएला इथे बेंजामिन बॅनेकर हा कृष्णवर्णीय शेतकरी राहत असे. तो गुलाम नव्हता. स्वतःच्या हिमतीवर गणित आणि खगोलशास्त्र शिकला. जॉर्ज एलिकॉटने त्याला पुस्तकं आणि उपकरणं वापरायला दिली. 1791 मध्ये नव्या राजधानीच्या, म्हणजे वॉशिंग्टनच्या हद्दीच्या मोजणीत अँड्र्यू एलिकॉटबरोबर तो होता. हा अँड्र्यू म्हणजे त्या तीन भावांपैकी जोसेफचा मुलगा. पुढे बॅनेकरची पंचांगं छापली गेली. पिठाच्या गिरणीच्या गावातून एका राजधानीची हद्द आखणारी माणसं निघावीत हे मला या दरीतल्या सगळ्या यंत्रांपेक्षा जास्त नवलाचं वाटतं.

पण याच दरीतल्या लोखंडाची बाजू वेगळी आहे. मेरीलँडच्या लोखंड उद्योगात गुलाम, इंग्लंडहून शिक्षा म्हणून पाठवलेले कैदी आणि कराराने बांधलेले मजूर राबत होते. गव्हाकडे वळणारे कॅरोल स्वतः शेकडो गुलामांचे मालक होते. मालकांची नावं गावांना आणि रस्त्यांना मिळाली. घण मारणाऱ्यांची बहुतेक नावं कुठेच नाहीत.

लोखंडाला खनिज, चुनखडी, कोळसा आणि पाणी लागतं. पाणी भट्टीचे भाते हलवतं आणि घण उचलतं. कोळसा म्हणजे लाकडी कोळसा, त्यासाठी टेकड्याच्या टेकड्या बोडक्या झाल्या. उद्यानाच्या ॲव्हलॉन भागात अठराव्या शतकात डॉर्सी कुटुंबाची भट्टी होती. पुढे एलिकॉटांनी ती घेतली आणि 1820 च्या दशकात तिथे ॲव्हलॉनचा खिळ्यांचा कारखाना चालू लागला. आज आपण ज्याला घनदाट जंगल म्हणून दाद देतो, ते त्या तोडीनंतर पुन्हा वाढलेलं आहे.

वळणावरचा पूल

रेल्वे या दरीत आली तीही नदीमुळेच. डोंगराळ भागात लोहमार्गाला हळुवार चढ लागतो, आणि नदीने तो आधीच कोरून ठेवलेला असतो. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पहिला दगड 4 जुलै 1828 रोजी नव्वदीतल्या चार्ल्स कॅरोल यांच्या हस्ते बसला. मे 1830 मध्ये बाल्टिमोर ते एलिकॉट्स मिल्स हा 13 मैलांचा मार्ग खुला झाला. सुरुवातीला गाड्या घोडे ओढत असत.

वॉशिंग्टनकडे फाटा काढायचा तर नदी ओलांडायला हवी होती, आणि तीही वळणावर. तेव्हाच्या अमेरिकेत असा अनेक कमानींचा, वळणदार, दगडी रेल्वेपूल कुणी बांधला नव्हता. बेंजामिन लट्रोब धाकटे यांनी तो आखला. लोकांनी आधीच त्याला ‘लट्रोबचा खुळेपणा’ असं नाव ठेवलं. आपल्याच वजनाने कोसळेल अशी अटकळ होती. 1835 मध्ये तो पुरा झाला. आठ कमानी, 612 फूट लांबी. रेल्वेचे पहिले अध्यक्ष फिलिप थॉमस यांच्यावरून नाव थॉमस व्हायाडक्ट.

अडचण काय होती हे समजून घेण्यासारखं आहे. कमान बांधायला सोपी तेव्हा, जेव्हा तिच्या दोन्ही कडा सारख्या असतात. पण पूल वळला की बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा लांब होते. प्रत्येक कमान तिरपी, वेगळ्या मापाची घडवायची तर गवंड्यांची दमछाक आणि खर्च अफाट. लट्रोबनी फरक कमानींत न ठेवता खांबांत टाकला. खांब वरून पाहिले तर पाचरीसारखे आहेत, आतल्या बाजूला अरुंद, बाहेरच्या बाजूला रुंद. त्यामुळे कमानी सगळ्या सरळ राहिल्या आणि वळण खांबांनी घेतलं.

मुंबई-ठाणे गाडी सुटण्याच्या अठरा वर्षं आधीचा हा पूल आजही चालू आहे. मालगाड्या आणि बाल्टिमोर-वॉशिंग्टन ये-जा करणाऱ्या लोकलगाड्या त्यावरून धावतात. बांधताना इंजिनं काही टनांची होती. आजची त्याच्या कितीतरी पट जड आहेत.

24 जुलै 1868

उताराची नदी भरली की काय होतं ते त्या शुक्रवारी कळलं. पाऊस मुख्यतः वरच्या भागात झाला. अरुंद दरीत पाण्याला आडवं पसरायला जागा नसते, म्हणून ते उंच चढतं, आणि उतारामुळे वेगही पकडतं. एलिकॉट्स मिल्समध्ये लोक सावरायच्या आत घरंच्या घरं गेली. ग्रॅनाइट मिल ही कापड गिरणी वाहून गेली. चाळिसाच्या आसपास माणसं दगावली. खाली ॲव्हलॉनचा कारखाना असा मोडला की पुन्हा उभा राहिला नाही. आज तिथे उद्यानाचं माहिती केंद्र आहे, ते त्या काळापासून उरलेल्या एका दगडी घरात. थॉमस व्हायाडक्ट मात्र जागचा हलला नाही.

पुराने एकट्याने दरी रिकामी केली असं नाही. त्याच सुमाराला वाफेचं इंजिन स्वस्त होत होतं. वाफेवर चालणारा कारखाना नदीकाठी असण्याची गरज नव्हती. तो बंदराजवळ, मजुरांच्या वस्तीजवळ थाटता येत होता. गव्हाचा व्यवसाय पश्चिमेकडच्या नव्या सुपीक प्रदेशात आणि मिनिआपोलिसच्या प्रचंड गिरण्यांकडे सरकला. पूर आला की मालकासमोर प्रश्न उभा राही, पुन्हा इथेच बांधायचं की दुसरीकडे जायचं. दर वेळी ‘इथेच’ म्हणणारे कमी होत गेले. ऑरेंज ग्रोव्ह इथली मोठी पिठाची गिरणी तर पुराने नाही, 1905 मध्ये आगीत गेली, आणि तीही परत बांधली गेली नाही. तिच्या पडक्या भिंती पायवाटेवरून दिसतात. नदीपलीकडे राहणारे कामगार झुलत्या पुलावरून कामाला येत. आजचा झुलता पूल नंतरचा आहे, पण जागा तीच.

1907: दोन उलट्या गोष्टी

एकाच वर्षी या दरीत दोन गोष्टी घडल्या आणि दोन्हींची तोंडं विरुद्ध दिशांना होती.

पहिली, व्हिक्टर ब्लोडे या उद्योजकाच्या कंपनीने वीजनिर्मितीसाठी धरण बांधून पुरं केलं. सुमारे 34 फूट उंच. त्याचं वैशिष्ट्य असं की ते आतून पोकळ होतं. काँक्रीटच्या तिरप्या फळीला मागून आडव्या-उभ्या भिंतींचा आधार, आणि त्या पोकळीतच टर्बाइन आणि जनित्रं. डोक्यावरून नदी वाहते आहे आणि खाली कोरड्या दालनात वीज तयार होते आहे. अशी रचना तेव्हा जगात जवळजवळ नवीनच होती. मघाचा हिशेब इथे लावला तर 10 मीटर उंचीवरून सेकंदाला पडणाऱ्या प्रत्येक घनमीटर पाण्यामागे फार तर 98 किलोवॅट. उन्हाळ्यात पाणी घटलं की वीजही घटणार. शिवाय धरणामागे गाळ साठत राहिला. मोठ्या वीजकेंद्रांची स्वस्त वीज तारांवरून येऊ लागल्यावर 1920 च्या दशकात हे वीजघर बंद पडलं. धरण मात्र पुढे नव्वद-पंचाण्णव वर्षं तसंच आडवं राहिलं.

दुसरी गोष्ट, जॉन ग्लेन यांनी 43 एकर जमीन राज्याला वनासाठी दिली. मेरीलँडचं वनखातं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. हेतू सहलीचा नव्हता. बोडक्या टेकड्यांवर झाडं वाढली तर माती धरून राहील आणि नदीत गाळ कमी येईल, असा तो विचार होता. हळूहळू राज्याने आजूबाजूच्या जमिनी जोडल्या. ज्या काठावर कारखाना टिकत नाही, घर बांधणं धोक्याचं, ती जमीन वनासाठी मिळवणं तुलनेने सोपं होतं. 1930 च्या मंदीत बेकार तरुणांच्या सरकारी छावण्यांनी इथे वाटा आणि निवारे बांधले. त्यामुळे प्रत्येक जुनं दगडी बांधकाम गिरणीचं समजू नये. काही मंदीतलं आहे. आज याला मेरीलँडचं पहिलं राज्य उद्यान मानतात.

1972 च्या जून महिन्यात ॲग्नेस वादळाचा पूर आला आणि उरलंसुरलंही गेलं. डॅनियल्स हे गिरणीगाव आधीच ओस पडलं होतं, कारण कंपनीने 1968 मध्ये कामगारांची घरं पाडली होती. पुराने गिरणीही संपवली. ओएलाची कापड गिरणी त्याच वर्षी बंद झाली. तिच्या इमारतीत आता सदनिका आहेत.

इथे एक गल्लत टाळायला हवी. एलिकॉट सिटीत 2016 च्या जुलैमध्ये आणि 2018 च्या मे महिन्यात आलेले पूर, ज्यांचे व्हिडिओ सगळीकडे फिरले, ते पटॅप्स्कोचे नव्हते. मुख्य रस्त्याखालून आणि इमारतींखालून वाहणाऱ्या छोट्या ओढ्यांचे होते. नदीचा पूर खालून चढतो. ओढ्याचा पूर वरून रस्त्यावर कोसळतो आणि काही तासांत ओसरतो. वरच्या टेकड्यांवर वाढलेल्या वस्तीमुळे, डांबर आणि छपरांमुळे पाणी मुरायला जागा कमी झाली, ही त्याची आणखी एक बाजू. गावाची मूळ जागा मात्र 1772 मध्ये निवडलेलीच आहे, आणि ती पाण्याच्या जोरासाठी निवडलेली आहे.

धरणं काढताना

गेल्या काही वर्षांत या नदीवर उलटं बांधकाम सुरू झालं. युनियन आणि सिमकिन्स ही जुनी धरणं 2010-11 मध्ये काढली. सप्टेंबर 2018 मध्ये ब्लोडेचं धरण सुरुंगाने फोडलं. त्याच्या पायथ्याच्या भोवऱ्यांत अनेक जण बुडाले होते, हे एक कारण. दुसरं मासे. शॅड आणि हेरिंग समुद्रातून अंडी घालायला नदीत वर चढतात. ईल, म्हणजे आपल्या वामेच्या जातकुळीतला लांब मासा, याच्या उलट जगतो: जन्म अटलांटिकमधल्या सारगॅसो समुद्रात आणि वाढ नदीत. दोघांनाही धरण म्हणजे बंद दार. ब्लोडेचं धरण गेल्यावर वरच्या भागात इवले ईल हजारोंनी मोजले गेले. ईलबरोबर शिंपलेही येऊ शकतात, कारण एका जातीच्या शिंपल्यांची पिल्लं ईलच्या कल्ल्यांना चिकटून प्रवास करतात, आणि शिंपले पाणी गाळतात.

धरण फोडण्याआधी बरंच किचकट काम होतं. भिंतीतून सांडपाण्याची मोठी वाहिनी गेलेली होती. ती आधी हलवावी लागली. आणि शतकभराच्या गाळाचं करायचं काय? उपसून ट्रकने न्यायचा की नदीला नेऊ द्यायचा? इथे दुसरा मार्ग घेतला आणि गाळ कसा सरकतो यावर शास्त्रज्ञांनी नजर ठेवली. पहिल्या मोठ्या पावसांत बराच गेला, मग वेग मंदावला.

हा प्रश्न एकट्या पटॅप्स्कोचा नाही. 1840 मध्ये पूर्व अमेरिकेत 65,000 हून अधिक पाणगिरण्या होत्या, आणि जवळजवळ प्रत्येकीमागे एक छोटं तळं. रॉबर्ट वॉल्टर आणि डोरोथी मेरिट्स या भूशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये दाखवलं की या भागातल्या अनेक ओढ्यांचे उंच, उभे मातीचे काठ नैसर्गिक नाहीत. ते त्या तळ्यांमध्ये साठलेल्या गाळाचे थर आहेत. बंधारा फुटल्यावर ओढ्याने त्यातून खोल चर कापला, आणि आपण त्यालाच ओढ्याचं मूळ रूप समजत आलो.

पटॅप्स्कोच्या या भागात आता डॅनियल्सचं धरण उरलं आहे. ईल त्याच्या पायथ्यापर्यंत पोहोचतात आणि बहुतेक तिथेच अडतात. ते काढावं की नाही यावर चर्चा चालू आहे. वरचं शांत पाणी होडी घेऊन येणाऱ्यांना आणि गळ टाकून बसणाऱ्यांना हवं आहे. ओस पडलेल्या गिरणीगावाची ती शेवटची ठळक खूण आहे असंही काहींना वाटतं. माझं मत विचाराल तर धरण काढावं. गावाची खूण म्हणून झाडीत चर्चच्या भिंती उभ्या आहेत, आणि त्या कुणाची वाट अडवत नाहीत.